दीर्घ विमानप्रवासानंतरचा मोटारप्रवास

दीर्घ विमानप्रवासानंतरचा मोटारप्रवास म्हणजे अनेक तासांचा विमानप्रवास करून उतरलेल्या प्रवाशाने त्याच दिवशी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत स्वतः गाडी चालवून केलेली छोटी निसर्गसहल होय. सागरकिनारे, घाटमार्ग, सरोवरे, अरण्ये अशा निसर्गरम्य स्थळांना जाणारे रस्ते बहुधा मोठ्या विमानतळांपासून दोन-चार तासांच्या अंतरावर असतात. हाताशी दिवस थोडे असल्यामुळे विमानतळावरच गाडी भाड्याने घेऊन थेट निघण्याकडे प्रवाशांचा कल असतो. मात्र ज्या वेळी गाडी चालवायची असते, त्या वेळी चालकाचे शरीर मूळ देशातील मध्यरात्र अनुभवत असण्याची शक्यता असते. त्यामुळे अशा सहलीच्या नियोजनात अंतर व स्थळे यांच्याइतकाच झोप आणि जैविक घड्याळ यांचा विचार आवश्यक ठरतो.

प्रस्तुत लेखात या प्रवासामागील शरीरशास्त्र, चालनावर होणारे परिणाम, नियोजनाची तत्त्वे आणि ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड या मार्गाचे उदाहरण यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

बोटीच्या काळात मुंबईहून युरोपात पोहोचण्यास आठवडे लागत. घड्याळ रोज थोडे थोडे मागे करावे लागे आणि तेवढ्या सावकाशीने शरीरही नव्या वेळेला सरावत असे. विमानामुळे हा अवधी नाहीसा झाला. अमेरिकन वैमानिक वायली पोस्ट आणि मार्गदर्शक हॅरॉल्ड गॅटी यांनी १९३१ साली ८ दिवस, १५ तास व ५१ मिनिटांत विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वेळेच्या झपाट्याने होणाऱ्या बदलाचा शरीरावर होणारा परिणाम ज्यांनी आरंभीच्या काळात ओळखला, त्यांत पोस्ट यांची गणना होते.

जून १९४८ मध्ये एअर इंडियाच्या ‘मलाबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडन गाठले आणि भारतातून नियमित दूरपल्ल्याची सेवा सुरू झाली. १९५० च्या दशकात जेट विमाने प्रवासी वाहतुकीत आली आणि १९६० मध्ये एअर इंडियाने बोईंग ७०७ या जेट विमानाने न्यू यॉर्कची सेवा सुरू केली. ‘जेट लॅग’ हा शब्दप्रयोग त्याच दशकात रूढ झाला. पुढे विमानतळावरच भाड्याने गाडी मिळण्याची सोय जगभर झाली आणि विमानातून उतरून काही वेळातच अनोळखी रस्त्यावर गाडी चालवणे सर्वसामान्य प्रवाशाच्याही आवाक्यात आले.

प्रवासाचा शीण आणि जेट लॅग

या दोन संज्ञा व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जात असल्या तरी त्यांत भेद आहे.

प्रवासाचा शीण हा कोणत्याही दिशेच्या लांब प्रवासाने येतो. अपुरी झोप, तासन्‌तास एका जागी बसणे, सततचा आवाज आणि कोरडी हवा ही त्याची कारणे होत. विमानाच्या कक्षातील हवेचा दाब सामान्यतः समुद्रसपाटीपासून १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका ठेवलेला असतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे विमानातील प्रवासी अनेक तास कळसूबाईहूनही विरळ हवेत श्वास घेत बसलेला असतो. कक्षातील आर्द्रताही बहुधा २० टक्क्यांहून कमी असते. हा शीण एक-दोन रात्रींच्या पुरेशा झोपेने जातो.

जेट लॅग मात्र पूर्व-पश्चिम प्रवासात प्रमाणवेळ बदलल्यामुळे होतो आणि केवळ झोप काढून तो जात नाही. भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्या वेळांत दीड तासाचाच फरक असल्याने दुबईहून मुंबईस आलेल्या प्रवाशास जेट लॅग जवळजवळ होत नाही. पण रात्रीच्या विमानाने आल्यास झोप बुडतेच. मेलबर्न, लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्को येथे उतरलेल्या भारतीय प्रवाशास मात्र शीण आणि जेट लॅग या दोहोंना एकदम तोंड द्यावे लागते.

जैविक घड्याळ

मानवी मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात सुप्राकायाझमॅटिक केंद्रक नावाचे चेतापेशींचे दोन लहान पुंज असतात. झोप-जाग, शरीराचे तापमान आणि संप्रेरकांचे स्रवण यांची सुमारे २४ तासांची लय हे केंद्र राखते. अंधार पडल्यावर पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. या लयीमागील पेशीपातळीवरील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाने जुळवले जाते, परंतु ते एकदम फिरवता येत नाही. ढोबळ हिशेबाने एका तासाच्या फरकासाठी सुमारे एक दिवस लागतो. बहुतेक माणसांच्या घड्याळाचा नैसर्गिक आवर्तनकाल २४ तासांपेक्षा किंचित अधिक असतो. त्यामुळे दिवस लांबवणे सोपे आणि आखडणे कठीण जाते. पश्चिमेकडील प्रवासात दिवस लांबतो, पूर्वेकडील प्रवासात आखडतो. म्हणून पूर्वेकडचा प्रवास अनेकांना अधिक त्रासदायक वाटतो.

चालकाच्या दृष्टीने या घड्याळातील दोन वेळा महत्त्वाच्या आहेत. पहाटे सुमारे ३ ते ६ या काळात सतर्कता सर्वांत कमी असते आणि दुपारी जेवणानंतरच्या काळातही ती काहीशी मंदावते. घर सोडून दूर गेल्यावर या वेळा पहिले काही दिवस मूळ देशाच्या घड्याळानुसारच येत राहतात.

वेळेचे रूपांतर

भारतातून निघालेल्या प्रवाशासाठी धोक्याची वेळ कोणती, हे साध्या आकडेमोडीने काढता येते. भारतातील पहाटे ३ ते ६ हा काळ नव्या ठिकाणच्या घड्याळात कोठे पडतो, एवढेच पाहावयाचे असते.

मेलबर्न येथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ पाळली जाते. त्या काळात तेथील घड्याळ भारताच्या साडेपाच तास पुढे असते, एरवी साडेचार तास पुढे असते. म्हणजे उन्हाळी वेळेत धोक्याचा काळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा असा येतो. सकाळी उतरलेला प्रवासी सामान घेऊन, गाडी ताब्यात घेऊन ज्या वेळी महामार्गाला लागतो, नेमकी तीच ही वेळ होय.

लंडन हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे असते. तेथे हा काळ रात्री साडेनऊ ते साडेबारा असा येतो. विमानात झोप झालेली असल्यास पहिल्या दिवशी सकाळी तुलनेने ताजेतवाने वाटते, पण संध्याकाळनंतर ग्लानी येऊ लागते.

सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. तेथे दिवस-रात्र जवळजवळ उलटी होते आणि धोक्याचा काळ दुपारी दीड ते साडेचार असा भर दिवसा येतो. लख्ख ऊन असूनही डोळे मिटू लागतात, याचे कारण हेच.

वाहनचालनावर होणारे परिणाम

झोप अपुरी झाली की प्रतिक्रियेस लागणारा वेळ वाढतो, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते अथवा भरकटते आणि निर्णय चुकतात. ड्रू डॉसन व कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सलग जागरण आणि मद्य यांच्या परिणामांची तुलना केली. १७ तास सलग जागे राहिलेल्या व्यक्तींची कार्यक्षमता रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्के असलेल्या व्यक्तींइतकी घसरल्याचे त्यात दिसून आले. सुमारे २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीइतकी होती. व्हिक्टोरिया राज्यात सामान्य चालकासाठी मद्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे. भारतात ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे.

या निष्कर्षाचा प्रवासाशी असलेला संबंध एका उदाहरणाने स्पष्ट होतो. सकाळी ७ वाजता उठलेला प्रवासी दुपारी १ वाजता मुंबईहून निघाला आणि बारा तासांनी मेलबर्नला उतरला, असे मानू. उन्हाळी वेळेनुसार तेथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. सोपस्कार उरकून तो साडेआठला गाडीत बसला, तर भारतात पहाटेचे तीन वाजलेले असतात. विमानात त्याला झोप लागली नसेल, तर तो वीस तास जागा असतो. मद्याचा थेंबही न घेता तो मद्यपी चालकाइतकाच धोकादायक ठरू शकतो. मात्र श्वासचाचणीत हे दिसून येत नाही आणि बहुधा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

अतिश्रमाच्या अवस्थेत मेंदू काही क्षणांसाठी नकळत झोपी जातो. यास सूक्ष्मनिद्रा असे म्हणतात. ती काही सेकंदांचीच असते आणि पुष्कळदा डोळे उघडे असतानाही येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. चार सेकंदांच्या डुलकीत ती ११० मीटरहून पुढे गेलेली असते आणि तेवढ्या अंतरात ब्रेक दाबला जात नाही की सुकाणू वळवले जात नाही. झोपेमुळे होणारे अपघात यामुळेच गंभीर स्वरूपाचे असतात.

इंग्लंडमधील सेल्बीजवळ २८ फेब्रुवारी २००१ रोजी झालेला अपघात या संदर्भात नेहमी उल्लेखिला जातो. आदल्या रात्री न झोपलेल्या एका चालकाची गाडी महामार्गावरून घसरून लोहमार्गावर गेली. त्यानंतर झालेल्या रेल्वे अपघातात दहा जण मरण पावले. चालकास पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २००३ साली केलेल्या कायद्यानुसार २४ तासांहून अधिक काळ न झोपता गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत ठरणे हा बेदरकारपणा मानला जाऊ शकतो.

रस्त्याची बाजू

भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन व जपान येथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील बहुतेक देशांत ती उजव्या बाजूने चालतात. सवयीने होणारी कृती थकव्यात बळावत असल्याने विरुद्ध बाजूला जाण्याची चूक बहुधा वाहतूक मोकळी असताना घडते. पेट्रोल पंपावरून किंवा निसर्गदर्शनाच्या थांब्यावरून पुन्हा रस्त्यावर येताना ही चूक होण्याचा विशेष संभव असतो. समोरून वाहन येत नसल्याने चूक ध्यानी येण्यास वेळ लागतो. ग्रेट ओशन रोडवर परदेशी चालकांसाठी डाव्या बाजूने चालण्याची आठवण देणारे फलक व रस्त्यावर रंगवलेले बाण आहेत.

नियोजनाची तत्त्वे

पहिली रात्र विमानतळाजवळ अथवा शहरात काढणे हे सर्वांत परिणामकारक मानले जाते. गाडी विमानतळावर न घेता दुसऱ्या दिवशी शहरातून घेतल्यास निघण्याचा मोहही उरत नाही. पहिल्या दिवशी रेल्वे, बस किंवा टॅक्सीने निवासस्थान गाठता येते.

प्रकाशाचा उपयोग वेळ पाहून करावा लागतो. सामान्यतः पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान किमान असते. त्यापूर्वी मिळालेला तीव्र प्रकाश जैविक घड्याळ मागे नेतो आणि त्यानंतर मिळालेला प्रकाश ते पुढे नेतो. भारतातून पूर्वेकडे मेलबर्नला गेलेल्या प्रवाशास घड्याळ पुढे न्यायचे असते. उन्हाळी वेळेत त्याचा हा किमान बिंदू स्थानिक सकाळी साडेनऊ-साडेदहाच्या सुमारास येतो. म्हणून पहिल्या दिवशी अगदी सकाळच्या उन्हापेक्षा उशिराच्या सकाळचे व दुपारचे ऊन त्याला अधिक उपयोगी पडते.

दिवसाची झोप थोडी असावी. पहिल्या दिवशी फार ग्लानी आल्यास अल्पकाळ झोपून रात्री स्थानिक वेळेनुसार झोपणे हितावह ठरते. दुपारी चार-पाच तास झोपल्यास रात्री जागरण घडते आणि दुसऱ्या दिवशीचा चालक पुन्हा अपुऱ्या झोपेनिशी गाडीत बसतो.

चालनाचे तास मोजावेत, किलोमीटर नव्हेत. वळणावळणाच्या किनारी रस्त्यावर शंभर किलोमीटरला दोन तासही लागू शकतात. नकाशा दाखवतो त्या वेळेत थांबे, छायाचित्रे, जेवण आणि वाहनतळाचा शोध धरलेला नसतो. ब्रिटनच्या महामार्ग संहितेत दर दोन तासांनी किमान १५ मिनिटे थांबण्याची शिफारस आहे. नुकत्याच उतरलेल्या प्रवाशाने याहूनही लवकर थांबणे इष्ट होय.

मार्गाची दिशा विचारपूर्वक ठरवावी. डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशात समुद्र डाव्या हाताला राहील अशा दिशेने गेल्यास निसर्गदर्शनाचे थांबे आपल्याच बाजूला येतात आणि समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागत नाही. त्यामुळे ग्रेट ओशन रोडवर पूर्वेकडून पश्चिमेकडे, तर उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे सोयीचे ठरते.

सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. मेलबर्न परिसरात डिसेंबरअखेर सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो, तर जूनमध्ये तो सायंकाळी सव्वापाचच्या आतच होतो. भारतीय प्रवासी मे-जूनच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियात जातो, तेव्हा तेथे हिवाळा असतो, ही गोष्ट बेत आखताना विसरली जाते.

परतीच्या विमानाआधीचा दिवस मोकळा ठेवावा. विमान चुकण्याच्या धास्तीने थकलेला चालक थांबे टाळतो व वेग वाढवतो.

आरोग्यविषयक बाबी

चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष धोका अल्प असला तरी विमानातून उतरून लगेच पुन्हा गाडीत बसून राहिल्याने बसण्याचा एकूण कालावधी वाढतो. वयोवृद्ध, गर्भवती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींनी याविषयी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी बदललेल्या वेळेनुसार मात्रा कशी घ्यावी, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

विमानात घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांचा अंमल उतरल्यानंतरही राहू शकतो. झोल्पिडेम या औषधाचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळच्या वाहनचालनावर होत असल्याने अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची मात्रा कमी करण्यास सांगितले. सर्दी व ॲलर्जीवरील काही सामान्य गोळ्यांनीही गुंगी येते.

उदाहरण : ग्रेट ओशन रोड

ग्रेट ओशन रोड हा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील टॉर्की ते ॲलन्सफर्ड असा सुमारे २४० किलोमीटरचा किनारी मार्ग आहे. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो मुख्यतः कुदळ-फावड्यांनी खोदून तयार केला आणि युद्धात मरण पावलेल्या आपल्या सहकाऱ्यांच्या स्मृतीस अर्पण केला. जीलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक हे या कामाचे प्रमुख पुरस्कर्ते होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये मार्गाचे उद्घाटन झाले, परंतु त्याआधी काही महिनेच हिचकॉक यांचे निधन झाले होते. आरंभी येथे पथकर घेतला जाई. १९३६ मध्ये रस्ता राज्य शासनाकडे आल्यावर तो बंद झाला. २०११ मध्ये या मार्गाचा समावेश ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत करण्यात आला.

मार्गावरील सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे ट्वेल्व्ह अपॉसल्स हे समुद्रात उभे असलेले चुनखडकाचे सुळके. नावात बारा असले तरी ते नऊच होते आणि जुलै २००५ मध्ये त्यांपैकी एक कोसळला. जवळचाच लंडन ब्रिज हा नैसर्गिक पूल जानेवारी १९९० मध्ये किनाऱ्यापासून तुटला आणि पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. लॉक आर्ड गॉर्ज या घळीला १८७८ साली येथे फुटलेल्या ‘लॉक आर्ड’ या जहाजाचे नाव मिळाले आहे. त्या दुर्घटनेतून दोघेच वाचले होते.

एका दिवसाचा बेत. मेलबर्नहून किनाऱ्याने ट्वेल्व्ह अपॉसल्सचे अंतर सुमारे २७५ किलोमीटर आहे आणि कोलॅकमार्गे आतल्या रस्त्याने परतीचे अंतर सुमारे २३० किलोमीटर. एका दिवसात ही फेरी करणारे अनेक असतात, पण ती पाचशे किलोमीटरहून अधिक होते आणि तिचा उत्तरार्ध थकलेल्या अवस्थेत, पुष्कळदा अंधारात पार पडतो. नुकत्याच उतरलेल्या प्रवाशाने एका दिवसातच जायचे ठरवल्यास चालकासह जाणारी सहलीची बस हा सुरक्षित पर्याय होय. अथवा टॉर्की ते लॉर्न या सुमारे ४५ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यावरच समाधान मानता येते. ईस्टर्न व्ह्यू येथील स्मारक कमान याच टप्प्यात लागते.

चार दिवसांचा बेत. पहिला दिवस मेलबर्नमध्ये विश्रांती. दुसऱ्या दिवशी उशिराच्या सकाळी निघून टॉर्की व लॉर्नमार्गे अपोलो बे येथे मुक्काम, अंतर सुमारे १९० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी ऑटवेचे अरण्य ओलांडून ट्वेल्व्ह अपॉसल्स व पोर्ट कॅम्पबेल, अंतर सुमारे १०० किलोमीटर. या दिवशी चालन कमी आणि पाहण्यासारखे अधिक असते. १८४८ साली उभारलेले केप ऑटवे दीपगृह पाहावयाचे असल्यास फाट्याने जाऊन परत यावे लागते. चौथ्या दिवशी कोलॅकमार्गे मेलबर्नला परत. अशा रीतीने सर्वांत अवघड वळणांचा रस्ता निदान एका पूर्ण रात्रीच्या झोपेनंतर येतो आणि शीण साचलेला असताना परतीचा रस्ता सरळ व रुंद मिळतो.

स्थानिक धोके. कांगारू व वॉलबी हे प्राणी पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर येतात. त्यामुळे या वेळी गाडी चालवणे टाळले जाते. उन्हाळ्यात वणव्यांमुळे रस्ता बंद होऊ शकतो. डिसेंबर २०१५ च्या वणव्यात वाय रिव्हर व सेपरेशन क्रीक येथील शंभराहून अधिक घरे जळाली. पावसानंतर दरडी कोसळण्याचेही प्रकार घडतात. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक ००० हा आहे. मेलबर्नमधील सिटीलिंक व ईस्टलिंक या रस्त्यांवर पथकर केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेतला जातो आणि तेथे नाके नाहीत. मात्र विमानतळाहून वेस्टर्न रिंग रोडमार्गे जीलाँगकडे पथकराविना जाता येते.

कागदपत्रे व वाहन

परदेशात गाडी चालवण्यासाठी भारतीय नागरिकास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना मिळतो. तो सोबत मूळ परवाना असेल तरच ग्राह्य धरला जातो आणि त्याची मुदत एक वर्षापर्यंत असते. गाडी ताब्यात घेताना विम्यात स्वतः भरावयाची रक्कम किती, कच्च्या रस्त्यावर नेण्यास परवानगी आहे का आणि दुसऱ्या चालकाचे नाव नोंदवले आहे का, हे पाहून घ्यावे. नोंद नसलेल्या व्यक्तीने गाडी चालवल्यास विम्याचे संरक्षण धोक्यात येते. थकल्यावर सुकाणू दुसऱ्याच्या हाती देता यावे, यासाठी ही नोंद सुरुवातीलाच करणे महत्त्वाचे ठरते. व्हिक्टोरियात सात वर्षांखालील मुलांसाठी योग्य बालआसन बंधनकारक आहे.

महाराष्ट्र व गोव्याचा संदर्भ

मुंबईस येणारी बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्र ते पहाट या काळात उतरतात. तेथून पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर येथे जाणारे प्रवासी बहुधा लगेचच गाडीने निघतात आणि घाट उजाडण्यापूर्वी ओलांडतात. अशा वेळी चालक विमानातून आलेला नसला तरी धोका टळत नाही. आप्तांना आणावयास आलेली व्यक्ती दिवसभराचे काम आटोपून, रात्रभर वाहनतळावर ताटकळून त्याच पहाटे परत निघते. त्यामुळे गाडीतील सर्वांत थकलेला माणूस पुष्कळदा तोच असतो. चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपू नये, हा मराठी घरांतील जुना संकेत उपयुक्त आहे, परंतु शेजारची व्यक्तीही अठरा-वीस तास जागी असल्यास त्याचा फारसा लाभ होत नाही. विमानतळाजवळ चार-पाच तास विश्रांती घेऊन उजाडल्यावर निघणे हा यावरील साधा उपाय होय.

गोव्यातील मोपा येथील विमानतळामुळे वेंगुर्ले, मालवण व आंबोली या भागांत उतरल्या दिवशी जाणे सोपे झाले आहे. आंबोली घाटात पावसाळ्यात धुके दाट असते. त्यामुळे येथेही रात्रीचा विमानप्रवास आणि पहाटेचा घाट एकत्र न आणणे श्रेयस्कर ठरते.

याच्या उलट प्रसंग परदेशस्थ मराठी कुटुंबांत घडतो. मुला-मुलींकडे गेलेले आई-वडील थोडेच दिवस राहणार असल्याने त्यांना पहिल्या शनिवार-रविवारीच लांबच्या सहलीस नेण्याचा आग्रह होतो. चालक तेथे राहणारा व सरावलेला असल्यास धोका कमी असतो, पण ज्येष्ठांच्या झोपेची, औषधांच्या वेळांची आणि वारंवार थांबण्याच्या गरजेची दखल बेत आखतानाच घ्यावी लागते.

प्रचलित गैरसमज

खिडकी उघडल्याने किंवा मोठ्याने गाणी लावल्याने झोप जाते, हा समज सर्वदूर आहे. लफबरो विद्यापीठातील लुईस रेनर व जिम हॉर्न यांच्या प्रयोगांत थंड हवा व रेडिओ यांचा परिणाम अल्प आणि तात्पुरता आढळला. त्याऐवजी सुरक्षित जागी थांबून कॉफी पिणे आणि लगेच पंधरा मिनिटे डुलकी घेणे अधिक परिणामकारक ठरले. कॅफीनचा अंमल सुरू होण्यास वीस-तीस मिनिटे लागत असल्याने जाग येण्याच्या सुमारास त्याचा लाभ मिळू लागतो. हा उपायही तात्पुरताच असून रात्रीच्या झोपेची जागा तो घेऊ शकत नाही.

अनुभवी चालकास झोप आवरता येते, हाही समज निराधार आहे. झोपेची गरज कौशल्यावर अवलंबून नसते. वारंवार जांभया येणे, मागचे काही किलोमीटर न आठवणे, गाडी मार्गिका सोडून सरकणे आणि पापण्या जड होणे ही थांबण्याची चिन्हे होत. ती दिसू लागल्यावर मुक्काम ‘अवघा अर्धा तास’ दूर असला तरी प्रथम सुरक्षित जागी थांबणे आवश्यक असते.